कोरडा कॅमेरा

न्यूयॉर्क, ३ फेब्रुवारी १९६६

प्रू,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच शेगडीत टाकशील, म्हणून पत्ता बर्निसकडून लिहून घेतलाय. बर्निस प्लॉटकिन माझी इथली मैत्रीण. धिप्पाड, तोंडाची फाटकी, अक्षर मात्र शाळामास्तरणीचं. एवढं वाचलं आहेस तर आता पुढचंही वाच.

चौदा महिने झाले. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तुझ्या सासूसमोर मी ताटावर डोकं ठेवून झोपले आणि तू माझा कोट माझ्या हातात दिलास. "शुद्धीत असशील तेव्हा ये," म्हणालीस. खरं सांगायचं तर तशी वेळ फारशी आली नाही. सकाळी उठायला एक गोळी लागते, झोपायला दोन, आणि मंगळवारी डॉक्टरकडे जाऊन दंडात इंजेक्शन. तो त्याला व्हिटॅमिन म्हणतो. आम्हीही म्हणतो.

मर्सी आत्याचं पत्र आलं. गॉर्डन कोर्टात गेलाय म्हणे, आणि त्याला नुसती सोडचिठ्ठी नकोय, लेटी हवीय. पाच वर्षांच्या पोरीचं तो काय करणार? घोड्यांच्या शर्यतींना नेणार? आत्याने लिहिलंय की त्याचे वकील तुझ्या आयुष्यात काही सापडतंय का ते बघत हिंडतायत आणि त्यांना काहीही सापडलेलं नाही. 'प्रूडन्सचं आयुष्य धुतल्या तांदळासारखं आहे,' इति आत्या.

हे वाचलं आणि मी न्हाणीघरात जाऊन बसले. कारण प्रू, त्यांना सापडेल असं मी काहीतरी केलंय. मुद्दाम नाही.

आयव्हर क्रेलचं नाव तू वाचलं असशील. तो फिल्म करतो. टोप्यांच्या जुन्या कारखान्यावर त्याचा गाळा आहे, तिथेच मी दीड वर्ष पडीक असते. त्याच्या फिल्ममध्ये गोष्ट नसते, नट नसतात. एक माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो आणि अर्धा तास बोलतो किंवा बोलत नाही. झाली फिल्म. हसू नकोस, लोक रांगा लावतात. माझे फोटो मासिकांत येतात ते त्यामुळेच. भुवया भादरलेली ती मुलगी मीच, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आता नीट ऐक. फिल्म महाग असते, आणि दिव्याखाली बसलं की माणूस आधी पंधरा मिनिटं खोटंच वागतो. म्हणून क्रेल आधी कॅमेरा कोरडा चालवतो. दिवे लावलेले, यंत्राची घरघर चालू, आत फिल्मच नाही. माणूस सैलावला की गुपचूप फिल्म भरायची. आत काय आहे ते कोणी विचारायचं नाही, हा तिथला नेम. पण आम्ही जुनी खोडं ओळखतो. फिल्म भरलेली असली की क्रेल कॅमेऱ्याला चिकटून उभा असतो. कोरडा असला की लांब जाऊन काहीतरी खात बसतो.

डिसेंबरात एका दुपारी मी बसले होते. क्रेल लांब खिडकीत पाठ करून सूप पीत होता. तिथूनच म्हणाला, "टॅबी, तुला ज्याची भीती वाटते आणि ज्याच्यावर तुझा जीव आहे, अशा माणसाबद्दल बोल." मी म्हटलं, कोरडाच तर आहे. आणि मी तुझ्याबद्दल बोलले.

आई गेल्यानंतरचा तो हिवाळा. तू नऊ आठवडे तोंडातून शब्द काढला नाहीस ते. पपांनी 'स्केटिंगला जाऊ' म्हणून तुला गाडीत बसवलं, आणि तू स्केट्स मांडीवर घेऊन मागे बसलीस, आणि गाडी तळ्याकडे वळलीच नाही, टेकडीवर त्या वेड्यांच्या इस्पितळात गेली. तिथे तुझं नाव मिस अ‍ॅन हेल ठेवलं ते. सगळ्या गावाला आपण तू स्वित्झर्लंडला, लोझानच्या शाळेत गेलीस म्हणून सांगितलं ते. मी तुझी नक्कल केली, प्रू. तू कोटाची बटणं मोजायचीस तशी मोजून दाखवली.

कॅमेरा कोरडा नव्हता. बर्निसने सकाळीच फिल्म भरली होती, क्रेलच्या सांगण्यावरून. तीन मार्चला ती थिएटरात लागतेय.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि मी ती उघडून बसले. क्रेलशी बोलते. तो ऐकेल. काळजी करू नकोस.

टॅबी


१७ फेब्रुवारी

प्रू,

तुझी तार मिळाली. चार शब्द: 'ती फिल्म नष्ट कर.' खाली नावसुद्धा नाही. चौदा महिन्यांनंतर बहिणीकडून चार शब्द आले, आणि मी ते पर्समध्ये घेऊन हिंडते आहे, यावरून माझी काय अवस्था आहे ते समज.

क्रेलशी बोलले. तो कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे त्याच्याशी भांडता येत नाही. मी म्हटलं, "बहिणीचं आहे तेवढं काप."

"काय उरेल मग? तुझा चेहरा?"

"क्रेल, तिची पोर जाईल."

"कोणाची पोर, कुठे जाईल? मी तिला ओळखत नाही. मी कात्री वापरत नाही, टॅबी. हे तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि तेव्हा तू टाळ्या वाजवल्या होत्यास."

वाजवल्या होत्या, हे खरं.

"तू मला फसवलंस. मला वाटलं कोरडा आहे."

"कोरडा आहे असं मी म्हणालो का?"

"तू सूप पीत होतास."

"मला भूक लागली होती," तो म्हणाला. मग जे बोलला ते तुला सांगायला नको, पण सांगते. म्हणाला, "दीड वर्षात तू माझ्यापुढे वीसदा बसलीस. दर वेळी आपण कशा दिसतो तेच बघत होतीस. त्या दिवशी पस्तीस मिनिटं तू स्वतःला विसरलीस. तुझ्याकडे तेवढंच आहे. ते मी कापू?"

बर्निस कोपऱ्यात फोनवर होती. रिसीव्हर हाताने झाकून म्हणाली, "अगं, पालथ्या घड्यावर पाणी ओततेस. हा आपल्या आईच्या मयताचीसुद्धा फिल्म काढेल."

"काढली आहे," क्रेल म्हणाला. आणि खरंच काढली आहे.

पण एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. या फिल्मला निगेटिव्ह नसतं. कॅमेऱ्यातून जी पट्टी जाते तीच धुऊन पडद्यावर लावतात. एकच प्रत. ती गेली की सगळं गेलं. डबा कुठल्या कपाटात आहे ते मला माहीत आहे, आणि किल्ली बर्निसकडे असते.

समजलं ना? मी करते. लेटीला माझा पापा दे. नको, राहू दे, ती विचारेल कोणाचा म्हणून.

टॅबी


२ मार्च

प्रू,

जमलं नाही. किल्ली मिळाली होती, गाळ्यात दुपारी कोणी नव्हतं, कपाट उघडलं, पण डबा जागेवर नव्हता. क्रेलला वास लागला असणार, त्याने हलवला. मी सगळीकडे बघितलं. सगळीकडे म्हणजे अगदी कोळशाच्या पेटीतसुद्धा. माझे हात काळे झाले. म्हणजे बघ किती शोधलं.

काल डॉक्टरने दोन इंजेक्शनं दिली, त्यामुळे अक्षर असं आलंय. उद्या खेळ आहे. शंभर माणसं बसतील एवढंच ते थिएटर, त्यातली अर्धी झोपतात, क्रेलच्या फिल्मला नेहमीच झोपतात. गॉर्डनच्या वकिलांपैकी कोणी न्यूयॉर्कमध्ये पाय ठेवेल असं मला वाटत नाही. ती माणसं बॉस्टनच्या पुढे जग आहे असं मानत नाहीत. आणि मी तुझं नाव घेतलेलं नाही, 'माझी बहीण' एवढंच म्हटलंय.

तू उगीच घाबरू नकोस. मी शोधलं, खरंच शोधलं.

टॅबी


६ मार्च

प्रू,

कोणी झोपलं नाही.

पस्तीस मिनिटं एक खुर्ची वाजली नाही. मी शेवटच्या रांगेत उभी होते. स्केट्सचं आलं तेव्हा माझ्यापुढची बाई तोंडावर हातमोजा दाबून रडत होती. दिवे लागले आणि टाळ्या सुरू व्हायलासुद्धा वेळ लागला. मग लोक मागे वळले आणि माझ्याकडे बघायला लागले. नेहमी बघतात तसं नाही, म्हणजे पाय किंवा भुवया बघतात तसं नाही.

दोन वर्तमानपत्रांत आलंय. एकाने लिहिलंय की खेळायची बाहुली समजत होतो, ती माणूस निघाली. दुसऱ्याने सगळी हकिकतच छापली, आईचा मृत्यू, तळं, टेकडी, सगळं. आडनावासकट. आपल्याला दोघीच बहिणी, हे कोणाला शोधायला जावं लागणार नाही.

मला माफ कर, असं लिहायला घेते आणि पेन थांबतं, कारण त्या टाळ्या मला आवडल्या. हे तुझ्यापासून लपवून काय उपयोग.

टॅबी


२४ एप्रिल

प्रू,

दीड महिना मी लिहिलं नाही, तूही नाही. मला कोर्टाचा कागद आला आहे. गॉर्डनच्या वकिलांनी, कोणी मिस्टर लुडलो आहेत, मला साक्षीला बोलावलंय. ते फिल्म बघून गेले, म्हणजे बॉस्टनच्या पुढे जग आहे हे त्यांना कळलंय.

पुढचं सांगण्याआधी एक खोटं निस्तरायचं आहे. दोन मार्चच्या पत्रातलं.

डबा जागेवर होता. मी तो घेतला, कोटात लपवला, खाली उतरून टॅक्सीत बसले. नदीवर चल म्हटलं. मांडीवर डबा. वाटेत मला वाटलं, एकदा बघावं. फक्त एकदा. मी ती फिल्म तोवर पाहिलीच नव्हती. टॅक्सी वळवली, बर्निसच्या घरी फिल्म दाखवायचं यंत्र होतं, तिच्या धुण्याच्या चादरीवर लावून पाहिली. बर्निस मागे उभी राहून पाहत होती. संपल्यावर ती नुसतं "टॅबी" म्हणाली. ती कधी माझं नुसतं नाव घेत नाही, पुढेमागे शिवी असतेच.

मी ते जाळू शकले नाही, प्रू. तुझी पोर एका बाजूला आणि चादरीवरची ती बाई दुसऱ्या बाजूला. ती बाई मी होते आणि ती खरी होती. लहानपणापासून मी कोणाचं तरी लक्ष वेधायला नाचते आहे. तू आजारी पडलीस तेव्हासुद्धा मला पहिल्यांदा काय वाटलं माहीत आहे? आता सगळे हिच्याकडे बघणार. पंधरा वर्षांची होते, पण वाटलं ते वाटलं. चादरीवर पहिल्यांदा असं दिसलं की मी नाचत नाहीये. ते मी नदीत टाकायला हवं होतं आणि मी ते परत नेऊन कपाटात ठेवलं. नीट, होतं तसं, डब्यावरची नावाची चिठ्ठी बाहेरच्या बाजूला करून. मग घरी येऊन तुला कोळशाच्या पेटीचं लिहिलं.

कॅमेरा कोरडा समजले ती चूक होती. ही चूक नाही. हे मी जाणूनबुजून केलं.

आता पपांचं. ते गेल्या गुरुवारी इथे आले होते. त्यांच्या क्लबात मला जेवायला नेलं, बायकांना जिथे बसू देतात त्या मागच्या खोलीत. उकडलेला मासा. तो त्यांनी अर्धा संपवला.

मग म्हणाले, "भुवयांचं काय केलंस?"

"काढल्या, पपा."

"परत येतात का?"

"येतात."

"मग येऊ दे." पुन्हा मासा. मग म्हणाले, "प्रूडन्स जेवत नाही. लेटी रोज विचारते, मला कोणाच्या घरी नेणार. मी तिला काय सांगू ते तू मला सांग."

मी विचारलं, टेकडीवरच्या कागदांत काय आहे. ते म्हणाले, तिथे फक्त मिस अ‍ॅन हेल आहे, वय लिहिलेलं नाही, आणि जे डॉक्टर होते ते वारले. मी विचारलं, त्या हिवाळ्यात मी कुठे होते. "तू घरी होतीस.  घशाचा ताप. तुझी शाळा जानेवारीपासून बुडाली होती."

"मग पपा, अ‍ॅन हेल मी का नसावं?"

त्यांनी काटा खाली ठेवला. बराच वेळ टेबलक्लॉथवरची घडी बोटाने सपाट करत बसले. तुला माहीत आहे ते खोटं बोलत नाहीत. लोझानसुद्धा त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही, आत्याला सांगायला लावलं आणि स्वतः खोलीबाहेर जायचे.

"शपथेवर?" त्यांनी विचारलं.

"शपथेवर. माझ्यावर विश्वास ठेवायला कोणाला कष्ट पडणार नाहीत."

"नाही. पडणार नाहीत," पपा म्हणाले. "पण टॅबिथा, तू असं एकदा बोललीस की मला त्याप्रमाणे वागावं लागेल. तिथे माझ्यापुढे दुसरा रस्ता उरणार नाही. तुला कळतंय का मी काय म्हणतोय?"

मी म्हटलं, कळतंय. तेव्हा पूर्ण कळलं होतं असं नाही.

तू काही बोलू नकोस. वकिलाला नको, आत्याला नको. कोर्टात मी बोलेन तेव्हा खाली मान घालून बस. तुला खाली मान घालायला जमत नाही, पण एवढं जमव.

टॅबी


टेकडी, ९ जून १९६६

प्रू,

हे पत्र बर्निसच्या हातून येईल, उद्या ती पुन्हा येणार आहे. रविवारी ती इथे आली होती, फुलाफुलांची हॅट घालून, आपण माझी मावशी आहोत असं ऑफिसात सांगून. वाचून झालं की जाळ. इथून टपालाने जाणारी पत्रं आधी ऑफिसात वाचतात. त्यामुळे यापुढे येतील त्या पत्रांत मी वेडी असेन आणि तू शहाणी असशील. तुझ्या घरीही ती उघड्यावर पडू देत, गॉर्डनने वाचली तर उत्तमच. खरं पत्र हे शेवटचं.

कोर्टात तू खाली मान घातलीस, त्याबद्दल बरं वाटलं. पण त्यामुळे तुला काही दिसलं नसणार, म्हणून लिहिते.

लुडलो बरा माणूस वाटला. मवाळ आवाज, कानावर केस. त्याला वाटत होतं, फिल्ममधली मुलगी तेच पुन्हा बोलेल आणि आपलं काम होईल. "मिस व्हिटलॉक, स्केट्स मांडीवर घेऊन बसलेली मुलगी कोण?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मी." तो हसला, लहान मुलाची चूक झाल्यावर हसतात तसा. "फिल्ममध्ये आपण 'माझी बहीण' म्हणता."

"हो. 'मी' म्हणायची लाज वाटली."

"आपण कॅमेऱ्यासमोर खोटं बोललात?"

"मी दिवसाला सहा गोळ्या घेते, मिस्टर लुडलो. मी सगळ्यांसमोर खोटं बोलते."

मागे कोणीतरी हसलं. मग त्याने मला दीड तास पिंजून काढलं. बटणं कशी मोजत होतात? मोजून दाखवली. खोलीला खिडक्या किती? दोन सांगितल्या, रविवारी तुला भेटायला यायचे तेव्हा मोजल्या होत्या. तू त्या आठवड्यांत काय पाहिलंस, तुला काय वाटलं, ते सगळं मी माझं म्हणून सांगितलं. आणि एक गंमत सांगू? तुझं म्हणून सांगितलं तेव्हा मला रडू आलं नव्हतं. तिथे आलं. तू तिथे एकटी होतीस हे मला तेव्हा कळलं, आठ वर्षांनी, भर कोर्टात.

मग जजने पपांना उभं केलं. त्यांनी बायबलवर हात ठेवला आणि तो परत उचलायला वेळ लावला. जजने विचारलं, "ती कोणती मुलगी होती?"

"टॅबिथा," पपा म्हणाले. "धाकटी."

लुडलो काही कच्चा नव्हता. त्याने लगेच विचारलं, "मग अशा मुलीला आपण न्यूयॉर्कमध्ये मोकळं सोडलंत? गोळ्या खायला आणि फिल्म काढून घ्यायला? असा कोणता बाप करतो?"

पपांनी माझ्याकडे पाहिलं. क्लबात जे म्हणाले होते ते मला तेव्हा पूर्ण कळलं, आणि मला वाटतं त्यांनाही. मी मान हलवली. ते म्हणाले, "ती माझी चूक झाली. उद्या दुरुस्त करीन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः गाडी चालवली. या खेपेला कुठे जायचंय ते आधी सांगितलं. सबंध वाटेत एकच वाक्य बोलले, "मी तुझ्या आईला काय तोंड दाखवू." मी म्हटलं, "पपा, तुम्ही दोघींपैकी एक वाचवलीत." त्यावर त्यांनी गाडी कडेला घेतली, थोडा वेळ थांबले, आणि मग आम्ही पुढे निघालो.

लेटी तुझ्याकडे राहिली, हे मला आत्याच्या पत्रातून कळलं. आत्याने पुढे असंही लिहिलंय की मला वाटायचंच टॅबीत पहिल्यापासून काहीतरी आहे. तिचाही बसला विश्वास. आणि क्रेलचाही. बर्निस सांगत होती, त्याने फिल्म थिएटरातून काढून घेतली. म्हणाला, ती बाई अभिनय करत होती, आणि मी अभिनय दाखवत नाही. मी त्याच्यापुढे वीसदा खोटी बसले ते त्याने दाखवलं आणि एकदाच खरी बसले ती कपाटात टाकली. बर्निसने त्याला काय शिव्या दिल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण मी तिच्याकडून दोनदा ऐकून घेतल्या.

गोळ्या बंद केल्यात. पहिले दहा दिवस कसे गेले ते विचारू नकोस. आता हात स्थिर आहेत, अक्षर बघतेसच. डॉक्टर विचारतात त्याची मी खरी उत्तरं देते, एक विषय सोडून. किती दिवस ठेवतील माहीत नाही. पपांनी सही केली आहे, तेव्हा तेच ठरवतील, आणि गॉर्डन अपिलात जायचं म्हणतोय तोवर त्यांना ठरवता येणार नाही. मी समजून आहे.

बर्निस म्हणाली, तू येणार आहेस. गाडी सांगून ठेवलीयेस, पुढच्या रविवारी. प्रू, तू येतेस हे ऐकून मी तिच्या त्या मोठ्या खांद्यावर डोकं ठेवून किती रडले ते तिलाच विचार. चौदा महिने आणि चार महिने मी याचीच वाट बघत होते.

येऊ नकोस.

दिवाणखान्यात मिसेस दोम्ब्रोव्स्का म्हणून एक बाई आहे. रोग्यांना चहा देते, कपडे मोजून घेते. दहा वर्षं इथेच आहे. गुरुवारी मी खिडकीशी कप दोन्ही हातांनी धरून बसले होते, तर ती समोर येऊन उभीच राहिली. म्हणाली, "पोरी, इथे मागे एक अ‍ॅन म्हणून होती. बोलायची नाही, पण मी केस विंचरायला बसले की माझ्या मांडीवर हात ठेवायची. तुझा चेहरा अगदी तिच्या वळणावर गेलाय. तुझी बहीण का गं?"

तिने तुला दारात पाहिलं तर धावत येऊन मिठी मारेल. सगळ्यांसमोर. तिचा जीव होता तुझ्यावर.

मी म्हटलं, नाही. मला बहीण नाही. ती म्हणाली, नीट आठव. मी म्हटलं, मी एकटीच आहे. तिला वाईट वाटलं, तिने मला जास्तीची साखर दिली. चांगली बाई आहे, ती पुन्हा विचारणार. मी रोज नाही म्हणेन.

टॅबी